मुलींचा पोषाख : शाळेंतला आणि मैदानावरचा

एकत्र कुटुंबांत ज्या कांहीं गोष्टींवरून वरचेवर वाद होतात, त्यांत घरांतील वाढत्या वयाच्या मुलींच्या पोषाखाचा क्रम बराच वरचा लागेल. आजीला नातीचा झगा आखूड वाटतो, आईला तो बरा वाटतो, काका मधेंच ‘आमच्या वेळीं’ म्हणून सुरुवात करतात, आणि जिच्याविषयीं हें सारें चाललेलें असतें ती मुलगी मात्र आपली वेणी घालीत गप्प उभी असते. तिला कोणी विचारीत नाहीं. हीच मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनांत गुडघ्यापर्यंत लुगडें नेसून कोळीनृत्यांत नाचली, तर पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजविणारांत आजीच सर्वांच्या पुढें असते. परंतु तीच मुलगी दुसऱ्या दिवशीं कबड्डीच्या सामन्यासाठीं अर्धी विजार घालून निघाली, तर ‘हें काय ध्यान!’ हे उद्गार त्याच तोंडून निघतात. गुडघा तोच, आणि उघडा राहिला तोहि तितकाच. मग एकदां तो शोभतो आणि एकदां खटकतो, हें कां?

हा प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण त्याचा परिणाम गमतीचा नाहीं. बाराव्या-तेराव्या वर्षीं कित्येक मुलींचें मैदानावर जाणें बंद होतें, आणि त्याचें कारण पुष्कळदां खेळाची नावड हें नसून खेळाचा पोषाख हें असतें. एकदां खेळ सुटला कीं तो बहुधा जन्माचा सुटतो. म्हणून शाळेनें मुलीला काय घालावयास लावावें, आणि घरानें काय घालूं द्यावें, याचा विचार एकदां शांतपणें केला पाहिजे. तो शहरांतील दिवाणखान्यांत बसून करण्याऐवजीं थोडें बाहेर जाऊन केला, तर अधिक सोपा होतो. यासाठीं वाचकांस मी आपल्या नाशिक जिल्ह्यांतीलच एका तालुक्यांत नेऊं इच्छितों.

नाशिकहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सावळघाट ओलांडून पेठेस जातो व तेथून पुढें गुजराथेंतील कपराड्याकडे वळतो. डोंगर, दऱ्या आणि पाऊस ही या भागाची संपत्ति. वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची. पिकें भात, नागली आणि वरई. आषाढांत या रस्त्यानें गेलें म्हणजे दुतर्फा खाचरांतून भाताची आवणी चाललेली दिसते. बायका लुगडें गुडघ्याच्या वर घट्ट खोचून, डोक्यावर इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन पोटऱ्यांइतक्या चिखलांत दिवसभर वांकून उभ्या असतात. त्यांच्यांत सासवा असतात, सुना असतात, लग्नाच्या मुलीहि असतात. शेजारच्या बांधावर पुरुषमाणसें नांगर धरून असतात. त्या लुगड्याच्या उंचीविषयीं तेथें कोणी चर्चा करीत नाहीं. चिखलांत उतरावयाचें तर लुगडें वर घेतलेंच पाहिजे, हें सर्वांस ठाऊक असतें.

त्याच वेळीं त्याच रस्त्याच्या कडेनें शाळेंत निघालेल्या मुली दिसतात. त्यांतील मोठ्या मुलींच्या अंगावर सलवार-कमीज, खांद्यावर घडी घालून टाचणीनें टोंचलेली ओढणी. ओढा ओलांडतांना सलवारीचे पाय भिजतात, चिखलानें जड होतात, आणि तशाच ओल्या कपड्यांत पुढचे पांच-सहा तास वर्गांत बसावें लागतें. आई खाचरांत आणि लेक शाळेंत. दोघींवर पाऊस एकच. आईचें वस्त्र तिच्या कामानें ठरविलें आहे. लेकीचें वस्त्र दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या ठिकाणीं बसून ठरविलेलें आहे. या लेखांत मला जें सांगावयाचें आहे तें बहुतेक एवढ्यांत आलें. पुढें फक्त त्याचा विस्तार आहे.

दुसऱ्या ठिकाणीं बसून ठरविलेल्या पोषाखाचें काय होतें, याचा अनुभव आपल्या राज्यानें नुकताच घेतला. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना जाहीर केली, आणि २०२४-२५ च्या शालेय वर्षांत ती अंमलांत आणली. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलांस दोन गणवेश मोफत मिळावयाचे होते. एक नेहमींचा, आकाशी व गडद निळ्या रंगाचा. दुसरा स्काउट-गाइडच्या धर्तीवरचा. कापड एकत्र खरेदी करावें आणि शिलाईचें काम महिला बचत गटांस द्यावें, म्हणजे गरीब बायकांस चार पैसे मिळतील, अशी कल्पना होती. हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पेठेच्या डोंगरांतील पहिलींतली पोर आणि मुंबईच्या उपनगरांतील आठवींतला मुलगा यांचें माप एका कोष्टकांत बसविणें सोपें नव्हतें. जूनमध्यें शाळा उघडल्या. गणवेश मात्र अनेक ठिकाणीं महिनोन्‌महिने आले नाहींत. कित्येक शाळांत १५ ऑगस्टचें झेंडावंदन जुन्याच कपड्यांवर झालें. जे गणवेश आले त्यांतले पुष्कळ कोणाला घट्ट, तर कोणाला ढगळ झाले. अखेर डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें आपला निर्णय फिरविला, आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा रंग, घाट व खरेदी ठरविण्याचा अधिकार पुन्हां शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. या समित्यांविषयीं पुढें आणखी बोलावयाचें आहे. तूर्त एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, दूर बसून कापलेला कपडा अंगाला बसत नाहीं, हें सरकारलाहि मान्य करावें लागलें.

याचा अर्थ गणवेश नसावा असा मुळींच नाहीं. ज्या वर्गांत सावकाराचा मुलगा व मजुराची मुलगी एका बांकावर बसतात, तेथें दोघांच्या अंगावर एकच कापड असणें ही मोठी गोष्ट आहे. ‘आज मी काय घालूं’ ही रोजची चिंता त्यानें जाते, आणि गरिबीचें प्रदर्शन टळतें. परंतु हें समतेचें काम कपड्याचा रंग करतो. त्याची लांबी, त्याचें कापड व त्याचा घाट यांनीं दुसरें काम केलें पाहिजे. त्या कपड्यांत मुलीला चालतां, धांवतां, वांकतां व खालीं बसतां आलें पाहिजे. पेठेसारख्या ठिकाणीं आणखी एक अट आहे. तो कपडा रात्रींत वाळला पाहिजे. श्रावण संपेपर्यंत तेथें ऊन विरळा; चुलीवरच्या दांडीवर टाकलेला जाड कपडा सकाळीं हाताला दमटच लागतो. त्यांत गणवेशाचा एकच जोड असला तर मुलीला दोनच मार्ग राहतात, ओला कपडा घालून जाणें किंवा घरीं राहणें. शहरांतील गृहिणीला पातळ सुती-मिश्र कापड व जाडें कापड यांतील फरक इस्त्रीच्या वेळीं जाणवतो. पेठेच्या मुलीला तो हजेरीपटांत जाणवतो.

आतां एक असा विषय, ज्याची चर्चा आपल्या घरांतून दबक्या आवाजांत होते. पुष्कळ शाळांत शनिवारच्या कवायतीचा व खेळांचा पोषाख पांढरा असतो. पांढऱ्या कपड्यांतील रांगा पाहावयास छान दिसतात, यांत शंका नाहीं. परंतु ज्या वयांत मुली ऋतुमति होतात त्या वयांतील मुलीला महिन्यांतील चार दिवस पांढऱ्या सलवारींत कवायत करणें म्हणजे काय असतें, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. ती पोटदुखीचें निमित्त सांगते व बांकावर बसून राहते. पुढें पुढें शनिवारीं शाळेंतच येत नाहीं. शिक्षक तिला आळशी समजतात. पूर्वीं आपल्या घरांतून या दिवसांत मुलींस बाजूस बसवीत. आतां आपण ती रीत सोडली असें म्हणतों, आणि एका पांढऱ्या सलवारीनें तिला पुन्हां बाजूस बसवितों.

ही अडचण केवळ खेड्यांतील आहे असें कोणीं समजूं नये. टेनिसच्या जगांत सर्वांत मानाची समजली जाणारी विंबल्डनची स्पर्धा १८७७ पासून चालू आहे, आणि संपूर्ण पांढऱ्या पोषाखाविषयीं तिचा कटाक्ष प्रसिद्ध आहे. तेथें खेळणाऱ्या जगप्रसिद्ध स्त्रियांनाहि हीच धास्ती वाटत असे. त्यांनीं ती उघडपणें बोलून दाखविल्यावर त्या संस्थेनें नोव्हेंबर २०२२ मध्यें नियम बदलला, आणि २०२३ च्या स्पर्धेपासून स्त्रियांस पांढऱ्या पोषाखाखालीं गडद रंगाची आंतली विजार घालण्याची मोकळीक मिळाली. जी गोष्ट विंबल्डनला उमजण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं, ती आपल्या शाळांस एका सभेंत उमजण्यास हरकत नसावी. त्यासाठीं पैसा लागत नाहीं. फक्त खालचा कपडा गडद रंगाचा असावा एवढा ठराव करावा लागतो.

‘पण मर्यादा म्हणून कांहीं आहे कीं नाहीं?’ असा प्रश्न येथें वडीलधाऱ्या मंडळींकडून येईल, आणि तो योग्यच आहे. मर्यादा आहे, व ती असावी. मात्र तिची रेषा कपड्याच्या कोणत्या इंचावर आहे, हें आपण समजतों तितकें कायमचें ठरलेलें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, त्या वेळीं त्यांच्या अंगावर आपल्याकडील सर्वांत सोज्ज्वळ समजलें जाणारें नऊवारी लुगडें होतें. त्या लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. येथें त्याचें कोणाला कांहींच वाटत नव्हतें. तेथील थंडीला व तेथील लोकांच्या दृष्टीला मात्र तें चालेना, म्हणून त्या गुजराथी पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याच घरांतून तरुण मुली पांचवारी गोल पातळ नेसूं लागल्या, तेव्हां सकच्छ कीं विकच्छ यावरून केवढें रण माजलें होतें! कासोटा सुटला म्हणजे धर्म सुटला, असें म्हणणारी मंडळी थोडीथोडकी नव्हती. आज त्याच गोल साडीला आपण ‘परंपरागत पोषाख’ म्हणतों, आणि नऊवारी लुगडें शिवून तयार मिळतें तें मुली हौसेनें मंगळागौरीला घालतात. ज्या आजीला आज नातीची अर्धी विजार खटकते, तिच्या आजीला तिचें गोल पातळ खटकलें असेल.

खेळांतहि हेंच दिसतें. लेडी मेहरबाई टाटा टेनिसच्या मोठ्या सामन्यांत साडी नेसून खेळत, आणि त्यांत त्यांना यश येई. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विंबल्डनला सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. विद्येच्या घरांतली मुलगी मैदानावर गेल्यानें विद्या कमी झाली नाहीं, कीं घराण्याला कमीपणा आला नाहीं.

आतां दुसऱ्या टोंकाकडे पाहूं. अमेरिकेंत शाळा-कॉलेजांच्या सामन्यांच्या वेळीं आपल्या संघास उत्तेजन देण्यासाठीं घोषणा देणारें व कसरती करणारें एक पथक असतें. त्यांतील मुलामुलींस तेथें ‘चीअरलीडर’ म्हणतात. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत एका विद्यार्थ्यानें प्रेक्षकांपुढें उभें राहून आरोळ्यांचें नेतृत्व केलें, येथून त्याचा आरंभ धरतात. पहिलीं पंचवीस वर्षें हें काम मुलगेच करीत. पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवरहि लष्करी विद्यालयांत असतांना या पथकांत होते. मुलींचा प्रवेश १९२३ च्या सुमारास झाला. नंतर दुसऱ्या महायुद्धांत तरुण पुरुष लढाईवर गेले आणि हें काम बहुतांशीं मुलींकडे आलें. तेव्हांपासून त्यांचा घागरा वर वर चढत गेला. गंमत अशी कीं, तेथील अनेक शाळांत इतर मुलींच्या घागऱ्याची लांबी हाताच्या बोटांपर्यंत तरी असली पाहिजे असा कडक नियम असतो, आणि त्याच शाळेनें दिलेला पथकाचा घागरा त्या नियमांत बसत नाहीं. वर्गांत जें असभ्य तें मैदानावर शाळेच्या खर्चानें सभ्य! आपल्या आजीच्या कोळीनृत्यासारखीच ही गोष्ट झाली.

आपल्याकडे २००८ सालीं क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगबरोबर अशीं पथकें आलीं, आणि महाराष्ट्रांत त्यांच्या पोषाखावरून मोठा गदारोळ उठला. २०११ सालीं पुण्याच्या संघानें त्यांच्या जागीं भारतीय पोषाखांत भारतीय नृत्य करणाऱ्या मुली उभ्या केल्या. पुष्कळांस तो उपाय पसंत पडला. पण नीट पाहिलें तर प्रश्न तसाच राहिला. कपडा लांब झाला. मात्र मुलीनें काय घालावें तें अजूनहि पाहणाऱ्यांच्या आवडीवरच ठरलें होतें.

तोकडा पोषाख लादणें आणि लांब पोषाख लादणें या परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात. पण दोहोंचें मूळ एकच आहे. दोन्हींत पोषाख पाहणाऱ्यासाठीं ठरतो, करणाऱ्यासाठीं ठरत नाहीं. जुलै २०२१ मध्यें युरोपांतील वाळूवरच्या हँडबॉल स्पर्धेंत नॉर्वेच्या मुलींच्या संघास १५०० युरोंचा दंड झाला. त्यांचा अपराध काय? तोकडी चड्डी घालण्याचा नियम असतां त्या त्याहून लांब विजार घालून खेळल्या! त्याच वर्षीं तो नियम पुढें बदलावा लागला. बॅडमिंटनच्या जागतिक संस्थेनेंहि २०११ सालीं मुलींस घागऱ्याची सक्ति करण्याचें ठरविलें होतें. खेळणाऱ्यांचा विरोध झाल्यावर २०१२ मध्यें तो विचार सोडावा लागला. म्हणजे कोठें मुलीला झाकण्याचा आग्रह, तर कोठें उघडें करण्याचा. खेळणारीला मात्र दोन्हींकडे सारखाच जाच.

पुन्हां आपल्या डोंगरांत येऊं. पेठेला लागूनच असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यांत हरसूलजवळ सावरपाडा नांवाचें लहान गांव आहे. तेथील कविता राऊत या मुलीनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर धांवण्याच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत त्या स्पर्धांत पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्यापूर्वीं असें पदक १९५८ सालीं मिल्खासिंगांनीं मिळविलें होतें. त्याच वर्षीं चीनमधील आशियाई स्पर्धांत तिनें रौप्यपदकहि आणलें. अनवाणी डोंगर चढण्याउतरण्यानें तयार झालेल्या या पायांचें नाशिककरांनीं केवढें कौतुक केलें! त्या शर्यतींत तिचा पोषाख जगांतील सर्व धांवपटूंचा असतो तसाच तोकडा होता, हें त्या वेळीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, आणि तें न येणें हीच खरी सभ्यता. मग जें कौतुक आपण सावरपाड्याच्या मुलीचें केलें, तेवढी मोकळीक आपल्या घरच्या मुलीस कां देऊं नये? पदक मिळाल्यावर जो पोषाख क्षम्य ठरतो, तो पदक मिळविण्याच्या वाटेवर अक्षम्य ठरवला, तर पदकापर्यंत कोण पोंचणार?

वडील मंडळींच्या मनांत एक भीति असते, ती मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. लोकांच्या नजरा वाईट असतात. मुलीला गर्दीच्या एस्. टी.नें जावें लागतें; मैदानाभोंवतीं टवाळ पोरें जमतात. हें सर्व खरें आहे. पण यावर उपाय मुलीचा खेळ काढून घेणें हा नव्हे. खेळाच्या पोषाखावर येतांजातांना घालावयास लांब विजार व सदरा असावा. मैदानापाशीं कपडे बदलण्यास दार लागणारी एक खोली असावी. सामन्यास मुलींबरोबर एक तरी शिक्षिका जावी. टवाळांस हांकलण्याचें काम शाळेचें आहे, हें शाळेनें मानावें. ज्या मुलीला अर्धी विजार नको असेल तिला पूर्ण विजारींत खेळूं द्यावें, आणि जिला ती हवी असेल तिला आडकाठी करूं नये. मैदानावर धांवतांना पायांत अडकणारी ओढणी ही मर्यादेची खूण नसून पडण्याचें कारण आहे, एवढें ओळखावें.

आतां शाळा व्यवस्थापन समितीचें. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांत ही समिति असते. तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. अनुदानित शाळांत ही समिति सल्ल्यापुरती असली, तरी सल्ला देण्यास कोणाची आडकाठी नाहीं. आपल्या घरांतून किती जणी या समितींच्या सभांस जातात? बहुतेक ठिकाणीं कागदावर सही घेऊन काम भागतें. गणवेशाचा निर्णय सरकारी शाळांत या समितीच्या हातीं परत आला आहे. सभेंत तीनच प्रश्न विचारले तरी पुरे. या कपड्यांत मुलीला तिचें काम, मग तें अभ्यासाचें असो, कवायतीचें असो कीं खेळाचें असो, निर्वेध करतां येईल काय? आमच्या गांवच्या पावसांत, आमच्या ऐपतींत, दोन जोड धुऊन वाळवून घालतां येतील काय? आणि मुलींस विचारलें काय? तिसरा प्रश्न सर्वांत सोपा व सर्वांत क्वचित् विचारला जाणारा आहे.

पेठेच्या खाचरांत लुगडें खोचून उभी असलेली बाई अशा समितीची सभासद असूं शकते. कामाला कोणतें वस्त्र लागतें हें तिला कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. नाशिकच्या एखाद्या वाड्यांत मुलगी वेणी घालीत गप्प उभी असेल, तर तिच्या आजीनें, आईनें व काकांनीं क्षणभर आपापलें म्हणणें बाजूस ठेवून तिला एवढेंच विचारावें, ‘बाळ, तुला कशांत धांवतां येतें?’ ती काय उत्तर देईल तें बहुधा शहाणपणाचेंच असेल.